चाल आणि चलन

वाहन नसलेल्या माणसालाही वाहतुकीच्या दंडाची पावती मिळावी, ही सोय आपल्याकडे अलीकडे झाली. पूर्वी त्यासाठी निदान एक सायकल, तिच्या दांडीवर बसलेला एक मित्र आणि कोपऱ्यावर उभा असलेला एक हवालदार एवढा जामानिमा लागत असे. आता नुसता मोबाईल असला की भागतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी देवळाली कॅम्पात राहतो, टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, आणि आयुष्यात एकच वाहन चालवलं, ते म्हणजे खात्याची लाल सायकल. तीसुद्धा माझ्या नावावर नव्हती. असं असताना मार्च २०२४मध्ये मुलीनं मला नवं सिमकार्ड घेऊन दिलं आणि दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. पहिली म्हणजे पहाटे साडेपाचला फोन. “काय हो, दूध कुठंय? पोरं काय काळा चहा पिऊन शाळेत जायची?” मी नम्रपणे सांगायचो की मी दूधवाला नाही. त्यावर पलीकडून उत्तर यायचं, “ते माहितीये. दूधवाला असता तर दूध आलं असतं.” दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी निरोप. ‘आपल्या वाहनावर, क्रमांक एमएच १५ अमुक अमुक, विनाहेल्मेट, रुपये पाचशे.’

मुलीनं खुलासा केला. मोबाईलचा नंबर नव्वद दिवसांहून जास्त बंद राहिला की कंपनी तो काढून घेऊ शकते, आणि मग काही काळानं दुसऱ्या कुणाला देते. म्हणजे भाडेकरू गेला की खोली झाडून दुसऱ्याला द्यावी तसं. फरक एवढाच की इथे झाडण्याचं काम कुणी करत नाही. आधीच्या भाडेकरूचे देणेकरी, घेणेकरी, आत्या, मावश्या आणि आरटीओ सगळे नव्या माणसाच्या दारात येतात.

“डिलीट करून टाका,” सौ. म्हणाल्या.

आता हे म्हणायला सोपं आहे. पण ज्यानं छत्तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले त्याला दुसऱ्याचं पत्र टाकून देता येत नाही. आमच्या खात्यात पत्र फाडणं हे पाप नव्हे, गुन्हा आहे. पत्ता अपुरा असला तर शेजारीपाजारी विचारायचं, माणूस गावाला गेला असला तर नव्या पत्त्यावर पाठवायचं, आणि काहीच नाही जमलं तर मृतपत्र कार्यालय. तोवर पत्राला मरण नाही. मी एक वही केली. तारीख, ठिकाण, अपराध, रक्कम, असे चार रकाने आखले. सौ.नी वहीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “रिटायर झालात ते मला कळलं. तुम्हाला कधी कळवायचं?”

दुधाचे फोन येत होते, त्यावरून माणूस दूधवाला असणार एवढं उघड होतं. तेव्हा मी आमच्या दूधवाल्याला गाडीचा नंबर सांगून विचारलं. त्यानं माप पातेल्यात उपडं केलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “ते आत आहेत.”

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे आत, काका.”

मराठीत ‘आत’ या शब्दाला एवढा खोल अर्थ असेल असं शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. भगूरच्या पुढच्या एका वाडीवरचा माणूस. शेताच्या बांधावरून भांडण झालं, भांडणात काठ्या निघाल्या, काठ्यांत एकाचं डोकं फुटलं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये हे गृहस्थ नाशिकरोडला रवाना झाले. खटला उभा राहायचाय. फोन मुद्देमालात जमा झाला, सिम मेलं, आणि त्याचा पुनर्जन्म माझ्या खिशात झाला. मी त्याच दूधवाल्याबरोबर घरी निरोप पाठवला की बाई, गाडीवर दंड पडताहेत. चार दिवसांनी उलट टपाली उत्तर आलं : “गाडी उभी केली तर म्हशी उपाशी.” यावर कुठलंही खातं पुढे काही लिहू शकेल असं मला वाटत नाही.

नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह आमच्यापासून काही फार लांब नाही. लॅम रोडनं विहितगाववरून गेलं की सात-आठ किलोमीटर. नाशिकरोडला आम्ही देवळालीकर नेहमी जातो, पण आपण जातो ते बाजाराला नाहीतर गाडी पकडायला. तुरुंगाच्या भिंतीकडे बघताना ‘इथेच साने गुरुजींनी १९३३ साली “श्यामची आई” लिहिली’ एवढं पाहुण्यांना सांगायचं आणि गणपतीच्या दिवसांत कैद्यांनी केलेल्या शाडूच्या मूर्ती बघायला जायचं, एवढाच आपला आणि तुरुंगाचा संबंध. गंमत अशी की त्याच नाशिकरोडला सरकारचा नोटांचा छापखाना आहे, १९२८ सालापासून. म्हणजे एकाच गावात चलन छापतात आणि चलन न भरणारेही ठेवतात. दोन्ही ठिकाणच्या भिंती उंच आहेत आणि दोन्हींकडून माल बाहेर यायला वेळ लागतो.

वाट बघण्याच्या बाबतीत मात्र आमच्या देवळालीचा हात कुणी धरू शकणार नाही. इंग्रजांनी १८६१च्या सुमारास इथे छावणी वसवली आणि नोकरी संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना इथे आणून ठेवायला सुरुवात केली. मायदेशी नेणाऱ्या बोटी फक्त थंडीच्या हंगामात सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली त्यानं पुढच्या हंगामापर्यंत इथेच बसायचं. काम नाही, कवायत नाही, नुसती वाट. वाट बघून बघून लोक भ्रमिष्टासारखे वागायला लागले, आणि इंग्रजी भाषेत ‘डूलॅली’ असा शब्दच पडला. अर्थ, डोकं फिरलेला. जगाच्या शब्दकोशात आमच्या गावाचं नाव गेलं ते असं. सुटका झालेली आहे पण घरी जायला मिळत नाही, या रोगाचा शोध आमच्या गावात लागला, हे मला त्या दूधवाल्याच्या प्रकरणात पुन्हा पुन्हा आठवायचं. कारण त्याला जामीन मंजूर झाला सोळाव्या महिन्यात आणि तो बाहेर आला सतराव्या. मधला महिना जामीनदार शोधण्यात गेला. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली तीन अशीच, खटल्याच्या निकालाची वाट बघणारी असतात. २०२३ साली केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी एक योजना काढली, दंडाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्याला २५ हजारांपर्यंत आणि जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत करायची. योजना चांगली आहे. फक्त ती दाराच्या आतल्या बाजूला लागू. बाहेरच्या बाजूला काय काय साचून बसलेलं असतं ते माझ्या वहीत होतं.

जानेवारी २०२५च्या शेवटी तो एका सकाळी आमच्याकडे आला. आमचं फाटक सताड उघडं होतं. तरी हा रस्त्यावर उभा. कुणीतरी ‘या’ म्हणेपर्यंत तो आत यायलाच तयार नव्हता, आणि आल्यावर कुणी ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायला. चाळिशीचा, अंगानं काटक, डोक्यावरचे केस बारीक कापलेले. सौ.नी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला तर त्याकडे बघत म्हणाला, “पिऊ का?”

सौ. एरवी पाहुण्यांशी बोलायला मागेपुढे बघत नाहीत. त्या दिवशी काही न बोलता आत गेल्या आणि चहाऐवजी पोहेच टाकले.

मी वही उघडली. मला आलेले निरोप सहा. पण गाडीचा नंबर आणि चासी नंबराचे शेवटचे चार आकडे घालून सरकारी संकेतस्थळावर बघितलं तर निघाले नऊ. विनाहेल्मेट सहा, प्रत्येकी पाचशे. ट्रिपल सीट एक, रुपये हजार. आणि नो पार्किंग दोन, पहिल्याला पाचशे आणि दुसऱ्याला पंधराशे, कारण दुसऱ्या खेपेला गुन्हेगार सराईत होतो. एकूण सहा हजार. २०१९मध्ये केंद्रानं मोटार वाहन कायदा दुरुस्त केला, आणि डिसेंबर २०२१पासून आपल्याकडे दंडाचे नवे आकडे लागू झाले. तेव्हापासून हेल्मेटचा विषय चेष्टेचा राहिलेला नाही.

सगळ्यांत शेवटचा निरोप वेगळा होता. प्रलंबित चलनं राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवली आहेत, तडजोडीसाठी हजर राहावं. त्या एवढ्या मजकुरातला त्यानं ‘अदालत’ हा एकच शब्द वाचला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“काका, परत आत?”

तुमच्याआमच्यासारख्या माणसाला वाहतुकीच्या दंडाचा निरोप आला की आपण वैतागतो, सरकारला दोन शब्द बोलतो आणि विसरतो. जामिनावरच्या माणसाला ती चैन नाही. त्याला कोर्टाचा कुठलाही कागद हा परतीचं तिकीटच वाटतो. आज हजर राहिलो नाही, उद्या समन्स, परवा वॉरंट, तेरवा जामीन रद्द, असा सगळा प्रवास त्याच्या डोळ्यांपुढून एका क्षणात जातो. त्याला मी दहा वेळा सांगितलं की लोक अदालत म्हणजे शिक्षा करायची जागा नव्हे, मिटवायची जागा. त्यानं दहा वेळा मान डोलावली. पोह्यांना काही हात लावला नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, “अरे, पण ही चलनं कधीची? डिसेंबर २०२३, मार्च, जून, ऑक्टोबर... तेव्हा तू कुठे होतास?”

“आत.”

“मग झालं तर! तू आत असताना गाडी कशी चालवशील? सरकारनं तुला एका हातानं धरून ठेवलंय आणि दुसऱ्या हातानं तुझी पावती फाडलीय. अरे, गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायला लोक काय काय साक्षीदार उभे करतात, आणि तुझा साक्षीदार खुद्द सरकार! दर संध्याकाळी मोजून घेत होते तुला!”

मला फार आनंद झाला होता. रहस्यकथा वाचण्यात उमेद गेलेल्या माणसाला आयुष्यात असा एखादाच क्षण मिळतो. मी एकेका चलनाला जोडलेला फोटो मोठा करून दाखवायला लागलो. आणि पहिल्याच फोटोला त्यानं माझ्या हातातून मोबाईल घेतला. विचारलं नाही, ‘घेऊ का’ म्हणाला नाही. नुसता घेतला.

“हे माझं पोरगं आहे,” तो म्हणाला.

डिसेंबर २०२३मधला फोटो. पहाटेचं धुकं, मोटारसायकल, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, आणि त्यावर एक पोरगा. अंगात मोठ्या माणसाचा निळा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. वय वर्षं सोळा. बापानं आत गेल्यावर घरी एकच हुकूम सोडला होता की पोराला मुलाखतीला आणायचं नाही, त्यानं मला तिथे बघायचं नाही. तो हुकूम घरच्यांनी सतरा महिने पाळला. म्हणजे पोरानं बापाला बघितलं नव्हतं हे खरं, पण बापानंही पोराला बघितलं नव्हतं. आणि आता ते पोरगं सरकारनं, पाचशे रुपये नगाप्रमाणे, दर दोन-तीन महिन्यांनी एक असं काढून ठेवलेलं होतं.

तो एकेक फोटो बघत गेला. मार्चमध्ये पाठमोरा. जूनमध्ये डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, पावसाला म्हणून. हेल्मेटच्या व्याख्येत ती बसत नाही. ऑक्टोबरात ओठांवर काहीतरी काळसर. “मिशी फुटली का हो याला?” त्यानं मला विचारलं. मी चष्मा लावून बघितलं. कॅमेरा लांबचा होता, पण मी म्हटलं, फुटलीय. डिसेंबर २०२४चा फोटो पुन्हा थंडीतला, पुन्हा तोच निळा स्वेटर. या खेपेला बाह्या दुमडलेल्या नव्हत्या.

ट्रिपल सीटचा फोटो नाशिकरोडचा होता. पुढे पोरगा, मध्ये धाकटी मुलगी, मागे आई, आईच्या मांडीवर पिशवी. त्यानं तारीख वाचली, मनाशी हिशेब केला. “या दिवशी ही आली होती मुलाखतीला. चिवडा घेऊन. रिक्षानं आले म्हणाली.” मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे हा बाहेर उभा होता.”

पोहे गार झाले. सौ.नी ते परत गरम करून आणले आणि त्यानं ते खाल्ले. कुणी सांगायच्या आधी.

आता पुढचा भाग कायद्याचा आहे, तो मी थोडक्यात सांगतो, कारण तो मलाही थोडक्यातच कळला. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या एका वकीलबाईंकडे गेलो. १९८७च्या कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कुणी विचारत नाही. बाहेर आला की मात्र उत्पन्नाचा दाखला लागू शकतो. म्हणजे गरीब आहे हे सिद्ध करायला आत असणं सगळ्यांत सोपं. बाई तरुण होत्या, टेबलावर फायलींचा ढीग, आणि बोलणं सुरीसारखं. मी माझा शोध मोठ्या उत्साहानं मांडला : हा आत होता, सबब निर्दोष.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “मग चालवत कोण होतं?”

मी गप्प.

“कलम १३३. गाडी कोण चालवत होतं हे विचारल्यावर मालकानं सांगायलाच हवं. सांगितलंत, मुलगा. वय? सोळा. सोळाव्या वर्षी कायद्यानं चालवता येते ती पन्नास सीसीची बिनगिअरची गाडी.” ती हल्ली कुठे विकतही मिळत नाही, हे माझं मनातलं. “म्हणजे कलम १९९ क. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला नाहीतर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.” मग त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध करायचंय का तुम्हाला?”

जगातला सर्वांत भक्कम पुरावा खिशात घालून आम्ही दोघं त्या टेबलापुढे बसलो होतो आणि तो बाहेर काढायची सोय नव्हती.

कायदा चूक आहे असं मी म्हणत नाही. मे २०२४मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलानं चालवलेल्या पोर्श मोटारीनं दोघांचे बळी घेतले, तेव्हा हेच कलम सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ झालं होतं आणि मीही सौ.ना ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. सोळा वर्षांच्या पोरानं पहाटेच्या धुक्यात, बिनहेल्मेटचं, लॅम रोडच्या लष्करी ट्रकांमधून दूध न्यावं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. एखाद्या सकाळी त्या वहीत फोटोऐवजी वेगळीच नोंद झाली असती. पण त्या कलमाला पोर्श आणि किटली यांतला फरक कळायची सोय नाही, आणि पोर्शवाल्यांकडे वकील जास्त असतात.

बाईंनी फोटो पुन्हा नीट बघितले. “या सात चलनांवर गुन्हा काय लिहिलाय? हेल्मेट नव्हतं, आणि एकदा तिघं होते. नव्हतं ना हेल्मेट?”

“नव्हतं,” तो म्हणाला.

“होते ना तिघं?”

“होते.”

“मग जे लिहिलंय तेवढं कबूल करा. आणि पोराच्या हातात आजपासून किल्ली दिसता कामा नये. मला कळलं तर मीच तक्रार करीन.” मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते, तेव्हा जुन्या चलनांपुरता मुदतीचा मुद्दा काढून भांडता येईल. भांडायचंय का?

“भांडणात सतरा महिने गेले, ताई,” तो म्हणाला. “आता भांडण नको.”

उरली नो पार्किंगची दोन. त्यांचे फोटो उघडले तर त्यात एक गुलाबी स्कूटर, कुठल्याशा शहरातल्या साड्यांच्या दुकानापुढे. नंबरातला शेवटचा तीन कुणीतरी आठ वाचला होता. ही दोन मात्र पुराव्यानिशी हरकत घेऊन रद्द करून घेता आली, त्यासाठी तुरुंगाचा दाखला लागला नाही. म्हशींचा मालक गुलाबी स्कूटर वापरत नाही हे यंत्रालाही पटलं. सहा हजारांचे चार हजार झाले.

चार हजार ही रक्कम तुम्हाला मोठी वाटणार नाही. त्याच्याकडे मात्र जामिनापायी एक म्हैस विकून उरलेल्या दोन होत्या. मी पैसे देऊ केले, तो नको म्हणाला. मला वाटतं, फुकट मिळालेल्या भाकरीचा त्याला कंटाळा आला असावा. तोड सौ.नी काढली. “आमचं दूध उद्यापासून तुमच्याकडून. अर्धा लिटर. महिन्याचे नऊशे होतात, हे आगाऊ.” आणि शेजारी फोन लावला. (जुन्या दूधवाल्यानं याला हरकत घेतली नाही, त्याचाच तो चुलतभाऊ निघाला. ‘ते आत आहेत’ हे सांगताना त्यानं इकडेतिकडे का बघितलं ते मला त्या दिवशी कळलं.) सहा घरांचे मिळून पाच हजार चारशे जमले. चार हजार दंडाचे, चौदाशेचं हेल्मेट. तो म्हणाला पाचशेचं मिळतं. सौ. म्हणाल्या, ते पोलिसासाठी असतं, हे डोक्यासाठी.

दंड भरायच्या आधी त्यानं एक प्रश्न विचारला, आणि छत्तीस वर्षांत मला खिडकीवर इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. “काका, पैसे भरले की हे फोटो जातात का?”

नियम असा आहे की चलन निकाली निघेपर्यंत फोटो सांभाळायचा. पुढे त्याचं काय करायचं ते नियमात नाही. म्हणून आम्ही आधी हौसन रोडवरच्या एका फोटोवाल्याकडे जाऊन सातही फोटो काढून घेतले. “पासपोर्ट साईज की पोस्टकार्ड?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? पोस्टकार्ड. पाकीट मात्र त्यानं माझ्याकडेच ठेवायला दिलं. सगळं निस्तरल्यावर घरी नेईन म्हणाला.

लोक अदालत मार्च २०२५मधल्या एका शनिवारी होती. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात त्या दिवशी जी गर्दी होती ती बघून एखाद्याला वाटलं असतं की गुन्हेगारी फार वाढली. आणि गुन्हेगार कोण? डॉक्टर, मास्तर, एक किराणा दुकानदार, दोन प्राध्यापिका, एक निवृत्त कर्नल. कोर्टाची पायरी न चढलेली शहाणी माणसं, म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. कर्नलसाहेबांनी दोन युद्धं बघितली असतील, पण ‘पुकारा’ म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. प्राध्यापिका एकमेकींना विचारत होत्या की न्यायाधीशांना काय म्हणायचं. अशा त्या गोंधळात आमचा दूधवाला एकटा निवांत होता. त्याला सगळं ठाऊक. “मॅडम, टोकन तिकडे. साहेब, नाव पुकारलं की इथून जायचं, तिथून नाही. मोबाईल बंद करा. नाही हो, ओरडत नाहीत. घाबरू नका, आज तारीख पडत नसते.” अर्ध्या तासात सगळी रांग त्याच्या सल्ल्यानं चालायला लागली. कर्नलसाहेब भारावून म्हणाले, “तुम्ही कोर्टात नोकरीला का?”

“नाही साहेब,” तो म्हणाला. “सतरा महिने आत होतो.”

कर्नलसाहेब क्षणभर ताठ झाले आणि मग त्यांनी आपले कागद त्याच्या हातात दिले. “मग हे जरा बघा बरं बरोबर आहेत का.”

आमचा पुकारा झाला. पॅनेलवर न्यायाधीश, बरोबर एक वकील आणि एक समाजसेविका. विचारलं, मान्य आहे? मान्य आहे. सही. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे झालं ते झालं. तो कागद त्यानं चार घड्या करून खिशात घातला, बाहेर आला, परत काढून बघितला, परत घातला. मी म्हटलं, अरे झालं. तो म्हणाला, “कोर्टातून याच दारानं बाहेर पडायला मिळालं, म्हणून बघतोय.”

लायसन्सचं लांबलं. ते ऑक्टोबर २०२३मध्ये संपलं होतं, आणि संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तोवर दीड-दोन महिने तो सायकलवरून दूध घालत होता. पेठ रोडच्या आरटीओत वीस वर्षं गाडी मारलेल्या या गृहस्थानं कॉलेजातल्या पोरांच्या रांगेत उभं राहून परीक्षा दिली, नवं हेल्मेट घालून. पट्टा इतका घट्ट आवळला होता की अधिकाऱ्याला उत्तरं द्यायला तोंड उघडेना. पास झाला.

मे महिन्यात एक म्हैस व्याली आणि त्यानं आम्हाला वाडीवर खरवस खायला बोलावलं. मी फोटोंचं पाकीट घेऊन गेलो. पोरगा दारातच होता. मिशी खरंच फुटलीय. फोटो ओसरीवर मांडले. धाकटीनं ट्रिपल सीटचा पटकावला आणि ‘मी, मी’ करत शेजारी दाखवायला पळाली. पोरगा कानकोंडा होऊन खाली बघत राहिला. त्याची आई कडेला उभी होती, ती पुढे आली, डिसेंबरचा फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि पोरावर कडाडली :

“हा स्वेटर तू घातला होतास होय रे? दोन हिवाळे मी पेटी उलथीपालथी करतेय, ह्यांना आत पाठवायला म्हणून!”

पोरगा काही बोलला नाही. बापानं खरवसाची वाटी खाली ठेवली.

“राहू दे गं,” तो म्हणाला. “त्याला बसतोय.”